१९६७ ची पॉन्टियाक जीटीओ विकायला आहे, बघून आलोय, घ्यावी का?

मिलपिटासकर
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

घरापासून चाळीस मिनिटांवर एक गाडी विकायला आहे. १९६७ ची पॉन्टियाक जीटीओ, दोन दारांची हार्डटॉप, लालभडक, आत काळं इंटिरियर, चार गिअरची मॅन्युअल. जाहिरातीत लिहिलंय 'संपूर्ण रिस्टोर केलेली, नंबर्स मॅचिंग, ४०० घनइंचाचं इंजिन, ओरिजिनल फोर स्पीड'. मागतायत ६२,००० डॉलर. विकणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही म्हणून विकतायत.

काल बाबांना घेऊन बघून आलो. बाबा डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेत, आयुष्य बेस्टच्या वर्कशॉपमध्ये गेलं त्यांचं. आजोबांनी शटर वर केलं आणि आधी नुसते दिवे दिसले, एकावर एक असे दोन डावीकडे दोन उजवीकडे, आणि मग उन्हाची तिरीप बोनटवर आली. मी काही बोललोच नाही दोन मिनिटं. चावी फिरवल्यावर जो आवाज येतो ना, तो कानाला नंतर कळतो, आधी पायाखालच्या फरशीला कळतो.

माझे पणजोबा शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर होते. १९२८ पासून तिथे गाड्यांची जुळणी व्हायची, १९५४ ला त्यांनी गाशा गुंडाळला. घरात त्या गाड्यांच्या गोष्टी ऐकतच वाढलोय, गाडी मात्र कधी कुणाची झाली नाही. चार वर्षं पैसे बाजूला टाकतोय यासाठी. बायकोची हरकत नाही, फक्त म्हणाली घाई करू नकोस, आधी माहितगारांना विचार. म्हणून विचारतोय. काय काय बघू?

सातारी_कंदी
फोटो बघून डोळे निवले राव. एक बेसिक प्रश्न, मसल कार नक्की कशाला म्हणायचं? जुनी मोठी अमेरिकन गाडी म्हणजे मसल कारच ना? आमच्याकडे लग्नात नवरदेवाला मिरवायला एक इम्पाला यायची, ती पण त्यातलीच का?

डेट्रॉइटची_सून
@सातारी_कंदी, नाही हो, इम्पाला मोठी घरंदाज गाडी. मसल कार म्हणजे मधल्या आकाराची, त्यातल्या त्यात हलकी आणि परवडणारी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. आणि याची सुरुवात जिथून झाली असं बहुतेक लोक मानतात ती हीच, जीटीओ.

गोष्ट छान आहे म्हणून सांगते. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियाकमध्ये तेव्हा जॉन डिलोरियन मुख्य इंजिनिअर होते. त्यांच्या टीमनं पळवाट काढली, वेगळं मॉडेल म्हणून न आणता १९६४ च्या टेम्पेस्ट लमाँसवर एक 'ऑप्शन' म्हणून ३८९ घनइंचाचं इंजिन द्यायला लागले, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. ऑप्शनला वरून मंजुरी लागत नव्हती. साधारण तीनशे डॉलरचा जादा खर्च. पहिल्याच वर्षी ३२ हजारांच्या वर गाड्या गेल्या, मग नियम कोण बघतोय. नाव फेरारीवरून सरळ उचललेलं.

मी ट्रॉयला राहते, दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते तेव्हा नवरा आणि मी खुर्च्या टाकून दिवसभर रस्त्याच्या कडेला. हा वुडवर्ड डेट्रॉइटपासून निघतो तो थेट पॉन्टियाक गावापर्यंत जातो, तिथेच या गाड्या जन्मल्या. त्यामुळे जीटीओ म्हटलं की आमच्याकडे जरा हळवा विषय.

@मिलपिटासकर, आता कामाचं. 'नंबर्स मॅचिंग', म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स याच गाडीचे मूळचे, या दोन शब्दांवर इथे दहा-पंधरा हजार डॉलर सहज फिरतात, त्यामुळे कुणी म्हणतंय म्हणून धरून चालू नका. आधी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, बघा. १९६७ ला तो काचेतून दिसत नाही, ते ६८ पासून आलं. तुमच्या गाडीत ड्रायव्हरचं दार उघडलं की बिजागरीच्या खांबावर पट्टी असेल. सुरुवात २४२ ने व्हायला हवी. २३७ ने होत असेल तर ती लमाँस आहे, कुणीतरी बिल्ले चिकटवून जीटीओ केलीय. पुढचं १७ म्हणजे हार्डटॉप, मग ७ म्हणजे साल, आणि त्यापुढचं अक्षर कारखान्याचं.

दुसरं, पीएचएस म्हणून एक सेवा आहे, पॉन्टियाकच्या मूळ नोंदी त्यांच्याकडे आहेत. व्हीआयएन द्यायचा, पैसे भरायचे, कारखान्यातून गाडी काय काय घेऊन निघाली त्याची प्रत मिळते. हे केल्याशिवाय एक डॉलर ॲडव्हान्स देऊ नका.

मिलपिटासकर
@डेट्रॉइटची_सून ताई, खूप आभार. काल काढलेल्या फोटोत पट्टी अर्धवट आलीय, २४२१७७ पर्यंत स्पष्ट आणि पुढे झेड दिसतंय.

डेट्रॉइटची_सून
झेड म्हणजे फ्रीमाँट! अहो तुमच्या घराशेजारची निघाली. जनरल मोटर्सचा फ्रीमाँटचा कारखाना, १९८२ ला बंद पडला, मग १९८४ पासून टोयोटाबरोबर भागीदारीत न्युमी, आणि २०१० पासून टेस्ला. तीच जागा.

मिलपिटासकर
ताई, अंगावर काटा आला. मी रोज सकाळी ८८० हायवेने त्या फॅक्टरीसमोरून जातो.

निशाचर
थोडा थंड पाण्याचा हबका मारतो, राग मानू नका. मी ह्यूस्टनला असतो, ११ वर्षांपूर्वी १९६९ ची शेव्हेल घेतली होती, 'फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन' म्हणून, म्हणजे बॉडी फ्रेमवरून उतरवून सगळं नवं केलेली. एका शोरूममधून, नाव घेत नाही. आरशासारखा पेंट. पहिल्या पावसाळ्यानंतर मागच्या चाकाच्या वर चहाच्या कपाएवढा फुगा आला, नखानं दाबला तर आत मऊ लागलं. बॉडीवाल्यानं खरवडलं तर पत्रा नव्हताच, जाळी लावून वर बोटभर लांबी (पुट्टी) भरलेली. डिकीत गालिचा अंथरलेला होता तो उचलला तर खालून रस्ता दिसला. २१ हजार गेले दुरुस्तीत आणि दीड वर्ष गाडी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पडून. मुलगी लहान होती, दर रविवारी विचारायची बाबा गाडी कधी येणार. शेवटी तोट्यात विकली.

त्यामुळे सांगतो, पेंट बघू नका. चपटं चुंबक घ्या, वर फडकं गुंडाळा म्हणजे ओरखडे येणार नाहीत, आणि मागच्या क्वार्टर पॅनलच्या (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) खालच्या भागावर, दारांच्या तळाला, पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाला फिरवा. पत्रा असेल तिथे चिकटेल, लांबी असेल तिथे गळून पडेल. मागच्या काचेचे खालचे दोन कोपरे, डिकीचा तळ, स्पेअर व्हीलची जागा, मागच्या चाकामागची फ्रेम. तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टक टक करून बघा, चांगल्या लोखंडाचा आवाज वेगळा येतो.

कॅलिफोर्नियाची आहे म्हणजे रस्त्यावरच्या मिठाचा त्रास नसावा, पण ५८ वर्षांत ती कुठे कुठे राहिली ते कोण सांगणार.

नाना_फिटर
मिलपिटासकर, नमस्कार. मी बदलापूरला असतो, ४१ वर्षं कुर्ल्यात गॅरेज केलं. सीएसटी रोडवरून सामान आणायचं आणि डॉज, प्लिमथ, शेवरले, जे येईल ते उभं करायचं. तुमची ही गाडी हातून गेलेली नाही पण पॉन्टियाकचं इंजिन एकदा एका शेठजींच्या गाडीत उघडलंय, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, दुसरं कुणी सांगणार नाही कदाचित.

त्या काळात पॉन्टियाकनं कॅमच्या गिअरला (टायमिंगची चेन याच्यावरून फिरते आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते) वरून नायलॉनचे दात दिले होते, आवाज कमी व्हावा म्हणून. नवीन असताना उत्तम. पण उष्णता खाऊन खाऊन नायलॉन कडक होतं, तडकतं, तुकडे पडतात ते खाली ऑइलच्या चेंबरमध्ये, आणि तिथून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मग एक दिवस ऑइलचं प्रेशर गेलं की बेअरिंग संपली. किंवा चेन उडी मारते. इंजिन रिस्टोर केलंय म्हणतात पण कित्येक जण रिंगा-बेअरिंग टाकतात आणि टायमिंगला हातच लावत नाहीत, कारण ते काढायला वॉटर पंप, पुली सगळं उतरवावं लागतं.

न उघडता बघायची युक्ती आहे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, आत फिरणारा रोटर दिसेल. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा, हातानं हळू एका बाजूला फिरवा, रोटर हलायला लागला की थांबा. आता उलट फिरवा आणि पुलीवरच्या खुणेकडे बघा, रोटर पुन्हा हलेपर्यंत पुली किती अंश फिरली. चार-पाच अंश असेल तर चालतं. आठ-दहाच्या वर गेलं तर चेन ढिली आहे, उघडावीच लागणार. तुमच्या वडिलांना सांगा, त्यांना लगेच समजेल. वर्कशॉपचा माणूस आहे म्हणजे कान पण तयार असतील.

आणि मागचं क्रँकचं सील दोरीचं असतं त्याच्यात, थोडं ऑइल टपकलं तर घाबरू नका. पण इंजिन गार असताना सुरू करून बघा. आजोबांना आधी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन सगळं लपवतं.

सातारी_कंदी
नाना, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. असं कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

एक_शंका
मला खरंच समजून घ्यायचंय. ६२ हजार डॉलरमध्ये नवी कोरी उत्तम गाडी येते, एअरबॅग, वॉरंटी सगळं. या गाडीत पुढे ड्रम ब्रेक आहेत असं फोटोवरून वाटतंय, लिटरला पाच किलोमीटर तरी देते का, घरात लहान मुलं असतील तर मागे नीट पट्टे पण नाहीत. एवढे पैसे जुन्या लोखंडात का घालायचे?

कोल्हापुरी_चप्पल
@एक_शंका, प्रश्न रास्त आहे तुमचा. पण आमच्या कोल्हापुरात दसऱ्याला महाराजांची मेबॅक चौकात येते तेव्हा लोक माड्यांवरून बघत असतात, त्यातला कुणीच ॲव्हरेज विचारत नाही. माझे वडील मला खांद्यावर घेऊन दाखवायचे, आता मी मुलाला दाखवतो. गाडी जपणारा माणूस असतो म्हणून पुढच्याला बघायला मिळते. एवढंच आहे ते.

मिलपिटासकर
@एक_शंका, ब्रेकबद्दल तुमचं बरोबर आहे, पुढे ड्रमच आहेत. ६७ ला डिस्क ब्रेक ऑप्शन होता, या गाडीनं घेतलेला नाही. पण त्याच वर्षापासून ब्रेकचा मास्टर सिलिंडर दुहेरी झाला, म्हणजे पुढची लाईन फुटली तरी मागचे ब्रेक राहतात. मुलांना शाळेत सोडायची ही गाडी नाही, त्यासाठी घरात दुसरी आहे. ही रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात तेव्हाची. आणि हो, ॲव्हरेज तुम्ही म्हणता तेवढंच, वर ९१ ऑक्टेनचं पेट्रोल, कारण कॉम्प्रेशन १०.७५ ला १ आहे.

नाना, निशाचर, शनिवारी सकाळी परत चाललोय. चुंबक, टॉर्च, पाना, गुडघ्याखाली टाकायला चटई सगळं घेतलंय. आजोबांना फोन केला, म्हणाले 'तुम्ही पहिले आहात ज्यांनी गाडी गार ठेवायला सांगितली'.

मिलपिटासकर
परत आलो. सविस्तर लिहितो.

पत्रा: उजवी बाजू स्वच्छ, चुंबक सगळीकडे चिकटलं. डाव्या क्वार्टरला चाकामागे खाली साधारण दोन वितीच्या पट्ट्यात चुंबक धरतच नव्हतं. बाकी दारं, मडगार्ड ठीक. डिकीचा गालिचा स्वतः आजोबांनी उचलून दिला. तळ मूळचाच आहे, वरवरचा गंज, भोक नाही. फ्रेमवर टक टक केलं, आवाज खणखणीत. मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात मात्र पेंटखाली मोहरीएवढे चार-पाच फोड आहेत.

इंजिन: गार सुरू केलं. पहिली दहा-बारा सेकंद टॅपेटचा टकटक आवाज, मग शांत. बाबा बोनटवर वाकून डोळे मिटून उभे होते, म्हणाले टॅपेटचं काही नाही, ऑइल वर चढेपर्यंतचा आवाज आहे, पण पुढून चेन कुरकुरतेय. मला काही ऐकू आलं नाही. मग नानांची युक्ती केली. बाबांनी पाना धरला, मी रोटर बघत होतो. दहा अंश. तीनदा केलं, तिन्ही वेळा नऊ ते दहाच्या मध्ये.

हेडवर ६७० आकडा आहे, म्हणजे हेड ६७ चेच. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी ब्लॉकवर तारखेचा कोड सापडला, तोही गाडीच्या सालाशी जुळतोय. मग ब्लॉकच्या पुढच्या तोंडाशी, पॅसेंजरच्या बाजूला हेडच्या खाली शिक्का मारलेला असतो तो शोधला. पन्नास वर्षांचं काळं किटण. ब्रेक क्लीनर मारला, पितळी ब्रशनं घासलं, बाबांनी टॉर्च तिरपा धरला तेव्हा अक्षरं हळूहळू वर आली. 'वायएस'. आणि त्याच्याजवळ इंजिनचा क्रमांक.

आणि शेवटी एक गोष्ट, जी मी शोधत नव्हतो. डिकीच्या झाकणाची बिजागरी जिथे आत जाते तिथलं रबर सैल झालंय. ते बोटानं बाजूला केलं तर आत नखाएवढी जागा लाल नव्हती. सोनेरी होती, जुन्या पितळेच्या तांब्यासारखी.

डेट्रॉइटची_सून
थांबा थांबा. वायएस नक्की ना? फोटो टाका.

मिलपिटासकर
नक्की. फोटो टाकला वर.

डेट्रॉइटची_सून
बघितला. तर ऐका. १९६७ च्या जीटीओत ३३५ हॉर्सपॉवरचं ४०० इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर यायचं तेव्हा त्यावर डब्ल्यूटी शिक्का असायचा. वायएस तेच इंजिन, तेवढीच ताकद, पण ऑटोमॅटिकसाठी. म्हणजे दोनच शक्यता. एक तर इंजिन दुसऱ्या जीटीओतून आलंय, नाहीतर ही गाडी जन्मानं ऑटोमॅटिक आहे आणि चार गिअरचा बॉक्स नंतर कुणीतरी घातलाय. 'ओरिजिनल फोर स्पीड' आणि 'नंबर्स मॅचिंग' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

६७ च्या ब्लॉकवर व्हीआयएन नसतो, तो ६८ पासून मारायला लागले. म्हणून नुसत्या गाडीवरून याचा निकाल लागणार नाही. पण पीएचएसच्या कागदावर कारखान्यानं नोंदवलेला इंजिन क्रमांक असतो. तो तुमच्या फोटोतल्या क्रमांकाशी जुळतो का बघा. आणि रंगासाठी फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बॉडी प्लेट बघा, पेंटचा कोड जी असेल तर सिग्नेट गोल्ड.

निशाचर
माझ्या मते इथेच थांबा. जाहिरातीत एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या किती निघतील सांगता येत नाही. मी त्या वेळी थांबलो असतो तर २१ हजार वाचले असते.

नाना_फिटर
निशाचर, तुमचं दुःख समजतं, पण विकणाऱ्यानं खोटं सांगितलं की त्यालाच कुणी खोटं सांगितलं होतं, हे आधी बघायला हवं. ज्यानं स्वतः गालिचा उचलून दाखवला, गाडी गार ठेवली, त्याला निदान एकदा समोर बसून विचारा. कागद असतीलच ना काही त्यांच्याकडे?

मिलपिटासकर
पीएचएसचे कागद आले. इंजिनचा क्रमांक आकड्याला आकडा जुळला. इंजिन याच गाडीचं, फ्रीमाँटहून निघाली तेव्हापासूनचं. गिअरबॉक्स: टर्बो हायड्रामॅटिक, तीन गिअरची ऑटोमॅटिक. रंग: सिग्नेट गोल्ड. ताई, तुमचं सगळं बरोबर निघालं.

काल संध्याकाळी कागद घेऊन आजोबांकडे गेलो. फोनवर सांगायचं नव्हतं मला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला कागद, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी ती १९९८ ला घेतली, रिस्टोर करून झालेलीच, आणि ज्यानं विकली त्यानं सांगितलं होतं की जन्मापासून फोर स्पीड आहे. सत्तावीस वर्षं ते गाडीच्या प्रत्येक मेळाव्यात हेच सांगत आले. मला म्हणाले, 'मी चुकीचं सांगत होतो इतकी वर्षं, कुणी तपासलंच नाही'. आणि उठून आत गेले ते बुटांचा एक खोका घेऊन आले. आधीच्या मालकाच्या वेळच्या पावत्या, रिस्टोरेशनचे फोटो, सगळं त्यात. त्यांनी स्वतः कधी नीट बघितलं नव्हतं.

बाबा आणि मी तिथेच जेवणाच्या टेबलावर पावत्या लावत बसलो. १९९४ ला इंजिन उघडलंय, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, व्हॉल्व्हच्या नव्या कडक सीट, म्हणजे बिनशिशाच्या पेट्रोलची काळजी नाही. टायमिंग सेटचं नाव कुठेच नाही. मुन्सी चार स्पीड गिअरबॉक्सची वेगळी पावती आहे, जुना घेतलेला, त्याच वर्षीची. आणि डाव्या क्वार्टरचा एक फोटो, तिथे मार लागलेला दिसतोय, ठोकून सरळ केलाय आणि वर लांबी. सडलेला नाही, मार लागलेला.

आता किंमत काय सांगू?

निशाचर
मी माझे शब्द मागे घेतो. क्वार्टरचा फोटो बघून बरं वाटलं, जाळी नाही, पत्रा आहे आत. तरीही ४५ च्या वर जाऊ नका. काचेच्या कोपऱ्याचे फोड म्हणजे काच काढून चॅनल बघावं लागणार, ते स्वस्तात होत नाही.

डेट्रॉइटची_सून
४५ कमी होतील, आजोबा सोडणार नाहीत आणि खरं सांगायचं तर त्यांनी सोडूही नये. मूळ इंजिन असलेली, कागदांनी सिद्ध झालेली खरी जीटीओ आहे. गिअरबॉक्स बदललेला आणि रंग बदललेला, त्यामुळे प्रदर्शनातली नव्हे, चालवायची गाडी. आणि मॅन्युअल हवी असणारे लोक भरपूर आहेत, त्यामुळे तो बदल म्हणजे सगळाच तोटा नाही. ५० ते ५२ मध्ये बसवा. विमा मात्र ठरलेल्या मूल्याचा घ्या, नेहमीच्या गाडीसारखा घेतलात तर काही झाल्यावर ते जुनी गाडी म्हणून हातावर चिल्लर ठेवतील.

नाना_फिटर
टायमिंगचं काम धरून मागा. सामान फार महाग नाही, मेहनत आहे. आणि घरी आणल्यावर ते काम होईपर्यंत लांब नेऊ नका. नेऊच नका.

मिलपिटासकर
मंडळी, गाडी घेतली. ५१,०००. मी ४९ म्हटलं, ते ५३ म्हणाले, मग बाबांनी मध्येच हात पुढे केला आणि मोडक्या इंग्रजीत 'फिफ्टी वन, अँड टी' म्हणाले. आजोबा हसले आणि हात मिळवला. चहा बाबांनीच केला त्यांच्या स्वयंपाकघरात, आलं घालून.

पिंक स्लिप, म्हणजे मालकीचा कागद, हातात आली. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात स्मॉग चाचणी नाही, त्यामुळे डीएमव्हीचं (इथलं आरटीओ) काम अर्ध्या तासात झालं. नानांनी सांगितल्याप्रमाणे चालवली नाही, ट्रकवर घालून आणली. सोसायटीतली पोरं सायकली टाकून बघायला आली.

कोल्हापुरी_चप्पल
अभिनंदन भावा!! नारळ फोडला का? पेढे कुठायत? आणि फोटो टाका की उजेडातले.

सातारी_कंदी
अभिनंदन! सगळा धागा एका दमात वाचला परत. बाबांचा हात पुढे करणं वाचून डोळ्यात पाणी आलं.

एक_शंका
मनापासून अभिनंदन. माझा प्रश्न अजून तोच आहे पण आता उत्तर थोडं थोडं समजतंय. पुढचं लिहीत राहा.

मिलपिटासकर
सगळ्यांचे आभार. नारळ फोडला, हळदकुंकू बाबांनी लावलं, पेढे फ्रीमाँटच्या दुकानातून.

नाना, तुमच्यासाठी खास. तीन रविवार लागले. रेडिएटर, पंखा, पुली, वॉटर पंप, फ्युएल पंप काढून टायमिंगचं झाकण उघडलं. कॅमचा गिअर समोर आला तर नायलॉन पिकलेल्या केळ्यासारखं तपकिरी, तडे गेलेलं, आणि दोन दातांवर नायलॉन नव्हतंच, खालचं ॲल्युमिनियम दिसत होतं. ऑइल सोडून प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा आत घातला, चेंबरच्या तळाला तुकडे पडलेले दिसले, एक जाळीला चिकटून बसलेला. मग इंजिन थोडं उचलून चेंबरही काढला. तुकडे एका डबीत ठेवलेत, सात आहेत. मोठा तांदळाच्या दाण्याएवढा.

बाबांनी डबी हातात घेऊन हलवून बघितली आणि म्हणाले बदलापूरला फोन लाव, मला त्या माणसाशी बोलायचंय. तुमचा नंबर व्यनि कराल का?

नवीन स्टीलचा दुहेरी रोलर सेट बसवला. ऑइल जुन्या फ्लॅट टॅपेटच्या इंजिनला चालेल असं, झिंक जास्त असलेलं घातलं. आता तीच पाना फिरवायची चाचणी केली, एक अंश पण नाही, रोटर लगेच हलतो.

नाना_फिटर
नंबर व्यनि केलाय. रात्री नऊनंतर आपल्याकडे कधीही करा, मी जागाच असतो. डबी टाकू नका. जाळी बदलली का नुसती धुतली ते सांगा आधी.

मिलपिटासकर
पंप आणि जाळी दोन्ही नवीन टाकले नाना.

डेट्रॉइटची_सून
फार आनंद झाला. आता खरा प्रश्न, लालच ठेवणार का सोनेरी करणार?

मिलपिटासकर
ताई, काल रात्री जेवताना हाच विषय होता. मुलगा म्हणतो लाल, बायको म्हणते सोनेरी. मागच्या काचेच्या कामाला गाडी हिवाळ्यात बॉडीवाल्याकडे जाणारच आहे, डावं क्वार्टरही तेव्हाच मोकळं करून घेऊ आणि तेव्हाच ठरवू. बिजागरीजवळची ती नखाएवढी जागा मात्र तशीच ठेवायला सांगणार आहे, रंग कुठलाही होवो.

आज सकाळी साडेसहाला बाबांना घेऊन पहिल्यांदा लांब नेली. मिशन बुलेव्हार्डवरून फॅक्टरीच्या बाजूनं. गेटच्या अलीकडे बाबा म्हणाले जरा हळू घे, काच खाली केली, आणि दुसऱ्या गिअरला घालून तिथून सावकाश पुढे गेलो. घरी आल्यावर त्यांनी आधी खाली पुठ्ठा सरकवला. दुपारपर्यंत मागच्या सीलचे ऑइलचे तीन थेंब. वहीत तारीख घालून लिहून ठेवलेत त्यांनी, उद्यापासून रोज मोजणार आहेत.